समोर नसलेल्याचा शब्द

२२ मार्च १९७९. लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे सांगितले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबले, आकाशवाणीने बातमी देशभर पोचवली. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. आजार गंभीर होता, पण ते जिवंत होते. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, पाटण्यात त्यांनी देह ठेवला.

त्या दिवशी एखाद्या दैनिकाच्या डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाची जागा डोळ्यांपुढे आणावी. टेलिप्रिंटरवर बातमी उतरते आहे. सांगणारा कोणी ऐरागैरा नाही, देशाचा पंतप्रधान आहे. सांगण्याची जागा संसद आहे. उपसंपादकाने मात्र ना रुग्ण पाहिला आहे, ना डॉक्टर. त्याच्या हाती आहे तो फक्त शब्द, आणि तोही एकाने दुसऱ्याकडून ऐकून तिसऱ्याला सांगितलेला. तो खरा मानायचा की नाही, आणि मानायचा तर कशाच्या बळावर?

आपल्या परंपरेत या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाले आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतला शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. पण आप्त कोणाला म्हणायचे? भाष्यकार वात्स्यायनाने त्याची कसोटी दिली आहे. ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे वात्स्यायन आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती फार मोलाची आहे: ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे. म्हणजे सांगणाऱ्याचा दर्जा, कुळ, पद यांनी त्याचा शब्द खरा ठरत नाही. त्याने पाहिले का आणि त्याला खरे सांगायचे आहे का, एवढेच विचारायचे.

या कसोटीवर त्या दिवशीचे पंतप्रधान उतरत नव्हते. खरे सांगण्याची त्यांची इच्छा होती, त्यात शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांनी जाणले नव्हते, त्यांच्यापर्यंत पोचवले गेले होते. त्या घटकेला खरा आप्त होती ती जसलोकमध्ये रुग्णाच्या खोलीबाहेर उभी असलेली परिचारिका. तिला ना पद होते, ना व्यासपीठ. उपसंपादकाचा सगळा अभ्यासक्रम, मग तो वर्गात शिकवा नाहीतर टपालाने, या एका फरकाभोवती उभा करता येतो.

अशाच चुकीची किंमत मराठी पत्रसृष्टीने तिच्या उमेदीच्या काळातच मोजली आहे. 'केसरी' आणि 'मराठा' १८८१च्या जानेवारीत सुरू झाले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे अशी बोलवा होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी पत्रे या पत्रांच्या हाती आली. ती खरी मानून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर, दोघेही सव्विशीतले, मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची होती. प्रत्यक्षात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. या दोघांच्या हेतूवर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही. वात्स्यायनाची दुसरी अट त्यांनी पुरेपूर पाळली होती, पण पहिलीपाशी ते चुकले. कागदावरच्या शब्दामागचा माणूस त्यांनी तपासला नाही.

बौद्ध आचार्य दिङ्नाग याही पुढे गेला. शब्द हे वेगळे प्रमाण आहे हेच त्याला मान्य नव्हते. त्याच्या मते प्रमाणे दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. दुसऱ्याच्या बोलण्यावरून आपण जे जाणतो ते शेवटी अनुमानच असते. नैयायिक आणि बौद्ध यांचा हा झगडा शेकडो वर्षे चालला. मोक्षमार्गात कोणाचे खरे हा मोठा विषय आहे, पण बातमीच्या टेबलावर दिङ्नागाला जवळ बसवावे. पोलिसांचे पत्रक, मंत्र्याचे वक्तव्य, तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेला मजकूर, मोबाइलवर फिरत आलेली चित्रफीत यांतल्या प्रत्येकाकडे 'यावरून काय अनुमान काढता येते' अशा नजरेने पाहणारा उपसंपादक कमी चुकतो.

मग हे शिकवायचे कसे? आणि दुरून शिकवता येते का?

प्रश्न कोरडा नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्याच्या चार वर्षे आधी, १९८५ साली, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले होते. त्याही आधी, १९६२ साली, दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारे शिक्षण सुरू केले होते. मुक्त विद्यापीठांच्या वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमांमुळे अशा अनेकांना हे दार उघडले ज्यांना पुण्या-मुंबईत वर्ष-दोन वर्षे राहणे परवडणारे नव्हते: तालुक्याला बातम्या देणारा वार्ताहर, छापखान्यात अक्षरजुळणी करणारा कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई. घरी अभ्यासपुस्तिका येतात, अभ्यासकेंद्रावर अधूनमधून संपर्कसत्रे होतात, स्वाध्याय लिहून द्यायचे असतात. एका घटनेचा विस्कळीत मजकूर दिलेला असतो; त्याची बातमी करायची, इंट्रो बांधायचा, मथळा द्यायचा.

डेस्कवर केस पिकलेली माणसे यावर मान हलवतात. त्यांचे म्हणणे असे की उपसंपादन ही बसून शिकायची विद्या आहे. मुख्य उपसंपादकाच्या शेजारी, त्याची बोलणी खात, रात्री पान सुटेपर्यंत. या म्हणण्याला धर्मपरंपरेचा मोठा आधार आहे. मुंडकोपनिषद सांगते की ते ज्ञान हवे असेल तर हातात समिधा घेऊन गुरूकडे जावे. वारकऱ्यांपासून नाथपंथीयांपर्यंत सगळ्यांनी गुरूशिवाय गती नाही असे म्हटले आहे. ग्रंथ वाचून पंडित होता येते, पण विवेक जागा व्हायला जिवंत माणूस लागतो, ही आपली खोलवर रुजलेली श्रद्धा आहे.

तरीही याच परंपरेने दूरच्या शिकवणीची उदाहरणेही दिली आहेत, आणि ती किरकोळ नाहीत. चांगदेवाची कथा मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. ज्ञानदेवांना पत्र लिहायला तो बसला, पण वयाने लहान, ज्ञानाने थोर अशा त्या मुलाला काय म्हणून संबोधावे हे सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या. त्या पासष्ट ओव्या म्हणजे अद्वैताचा संपूर्ण पाठ आहे, आणि तो समोर नसलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला आहे. समर्थांनीही दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेला वाहिला. अक्षर कसे असावे, लेखणी आणि शाई कशी असावी हे सारे त्यात आहे. ज्याला कधी भेटणार नाही अशा लेखकालाच तो उपदेश आहे.

पण कथा तिथे संपत नाही. ते पत्र वाचून चांगदेवाचे समाधान झाले नाही. तो स्वतः भेटीला निघाला, आणि शेवटी मुक्ताईला त्याने गुरू मानले. पत्राने त्याचे अज्ञान त्याला दाखवले. त्यापुढचे काम पत्राच्या आवाक्यातले नव्हते. दूरशिक्षणाची ताकद आणि मर्यादा या कथेत दोन्ही आहेत, आणि दोन्ही प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत.

एकलव्याचे नाव अशा वेळी हमखास पुढे येते. मातीच्या पुतळ्यापुढे तो धनुर्विद्या शिकला, मग घरबसल्या उपसंपादन का शिकता येऊ नये? हा दाखला इथे लागू पडत नाही. धनुर्धराला त्याची चूक बाण सांगतो. लक्ष्य हुकले की ते डोळ्यांना दिसते; पुतळा बोलला नाही तरी सराव बोलतो. उपसंपादकाची चूक त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, कारण चुकीचे वाक्यही व्याकरणाने शुद्ध आणि वाचायला सुरेख असू शकते. "पोलिसांनी चोराला पकडले" या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तो चोर आहे हे अजून कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही, हे वाक्य स्वतःहून सांगत नाही. ते सांगायला दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस शेजारच्या खुर्चीत असो की टपालाच्या दुसऱ्या टोकाला, त्याने ते सांगितले पाहिजे.

म्हणून पत्रद्वारे शिक्षणाच्या इतिहासातला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत कुठेही पत्र जाण्याची सोय झाली. त्याच वर्षी बाथचे आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. पुढे बातमीदारांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या विद्येवर जगल्या, तीच ही विद्या. विद्यार्थी बायबलमधले उतारे लघुलिपीत लिहून पिटमनकडे पाठवत, आणि पिटमन ते तपासून, दुरुस्त करून परत पाठवत. त्या शिक्षणाचा प्राण त्या परतीच्या पाकिटात होता. पाठ छापून वाटणे सोपे असते. प्रत्येकाचे लिखाण वाचून त्याची चूक त्याला परत करणे अवघड असते, आणि शिक्षण घडते ते तिथेच.

उपसंपादनातला बराच भाग पुस्तकातून उत्तम शिकता येतो, यात वाद नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम, बातमीची रचना, कोण-काय-कुठे-कधी-का-कसे, मथळ्याच्या अक्षरांचा हिशोब, न्यायालयीन वार्तांकनाची बंधने, हे सगळे घरी बसून आत्मसात होते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, हे कलम भारतीय दंड संहितेत १९८३ साली आले. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. मुलांच्या बाबतीत २०१२चा पोक्सो कायदा तेच सांगतो. कलम पाठ होते. पण "गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकाची पुतणी" असे लिहिले की नाव न घेताही साऱ्या गावाला ओळख पटते, हे कलमात लिहिलेले नसते. ते कोणीतरी समासात लिहून द्यावे लागते.

आता दुसऱ्याच्या शब्दाला हात लावण्याचा प्रश्न. उपसंपादकाच्या कामातली ही सर्वांत नाजूक गोष्ट आहे, आणि तिचा मराठीतला थोर आदर्श पैठणला सापडतो. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०ची. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ला, म्हणजे १५८४ साली. मधल्या जवळपास तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या असे नाथांना दिसले. नाथ स्वतः थोर कवी होते. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी स्वतंत्र टीका लिहिली होती. ज्ञानेश्वरीत एखादी ओवी घालावी असे मनात आले असते तर ती ओळखणे कोणाला सोपे गेले नसते. त्यांनी ते केले नाही, उलट जो कोणी पुढे असे करील त्याची अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना करून ठेवली. लेखकाहून आपण कमी नाही हे ठाऊक असताना हात आवरणे, ही त्यांची साधना होती.

नाथांची प्रतही वादातीत राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली नाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, आणि जुनी भाषा नाथांच्या शुद्धीकरणात किती टिकली यावर अभ्यासकांत चर्चा झडली. प्रामाणिक संपादकाच्या हातूनही मूळ थोडेबहुत हलते. म्हणून काय बदलले आणि का बदलले याची नोंद ठेवणे हे कर्तव्य ठरते. वार्ताहराच्या मजकुरात उपसंपादक एक विशेषण काढतो, तेव्हा तो भाषा सुधारत असतो. तो एक क्रियापद बदलतो आणि 'म्हणाले'चे 'कबूल केले' होते, तेव्हा तो घटना बदलत असतो. समोरच्याने काही कबूल केलेले नसते. त्याने फक्त म्हटलेले असते.

मथळ्याच्या बाबतीत हा धोका शतपटीने वाढतो.

महाभारताच्या द्रोणपर्वातला प्रसंग प्रत्येक उपसंपादकाने पुन्हा वाचावा. द्रोणांना थांबवायचे आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आहे. मुलगा गेल्याची बातमी खरी की खोटी हे विचारायला द्रोण युधिष्ठिराकडे वळतात, कारण हा माणूस खोटे बोलणार नाही असा त्यांचा विश्वास आहे. वात्स्यायनाच्या भाषेत तो आप्त आहे. युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगतो आणि हत्ती हा शब्द अस्पष्ट उच्चारतो. द्रोण शस्त्र ठेवतात आणि मारले जातात. महाभारत सांगते की तोवर युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे; त्या क्षणी तो जमिनीला टेकला.

युधिष्ठिराच्या वाक्यात एकही खोटा शब्द नव्हता. खोटेपणा होता तो आवाजाच्या चढउतारात. छापील पानावर आवाज म्हणजे टाइपाचा आकार. 'पोषण आहारात शिक्षकाचा घोटाळा' हा मथळा पाच कॉलमांत, आणि शिक्षकाने आरोप फेटाळल्याचे वाक्य नवव्या परिच्छेदात: हा रथ जमिनीला टेकलेलाच आहे. प्रत्येक शब्दाला पुरावा आहे असे म्हणून उपसंपादकाची सुटका होत नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत याबद्दल स्पष्ट अपेक्षा आहे. मथळा मजकुराशी जुळणारा हवा, आणि मथळ्यात आरोप असेल तर तो कोणी केला हे दिसावे, निदान अवतरणचिन्हे तरी असावीत. नियम थोडक्यात आहे. त्यामागचे पाप किती जुने आहे हे कळायला मात्र महाभारत लागते, आणि विद्यार्थ्याच्या पुस्तिकेत या प्रसंगाला जागा हवी.

खरे असले तरी ते केव्हा आणि कशासाठी सांगावे, या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर बुद्धाने दिले आहे. राजगृहाच्या अभय राजकुमाराला निगंठ नातपुत्ताने पेचात पकडणारा प्रश्न देऊन पाठवले होते: तथागत कधी दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात का? राजकुमाराच्या मांडीवर त्या वेळी लहान मूल होते. बुद्धाने त्यालाच विचारले की, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? रक्त आले तरी काढीन, कारण मुलाची कणव आहे, असे तो म्हणाला. मग बुद्धाने आपला नियम सांगितला. जे असत्य आहे ते बोलायचे नाही. सत्य आहे पण हिताचे नाही, तेही बोलायचे नाही. सत्य आहे आणि हिताचेही आहे, ते मग प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ जाणून बोलायचे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य आणि हित यांच्या जोडीला प्रिय असणेही धरले आहे. साधकासाठी ते योग्य असेल. वृत्तपत्राला प्रियतेची अट घातली तर धरणाच्या भिंतीला गेलेला तडा कधीच छापून येणार नाही. बातमीसाठी बुद्धाची वाटणी अधिक उपयोगाची आहे, कारण अप्रिय बोलण्याची परवानगी ती देते आणि ती परवानगी करुणेला बांधून ठेवते. अपघातात गेलेल्यांची नावे घरच्यांना कळण्याआधी झळकवायची का, दंगल पेटलेली असताना मृतांच्या धर्माचा उल्लेख पहिल्या आवृत्तीत करायचा का, या प्रश्नांत सत्य बदलत नाही. वेळ बदलते.

महाराष्ट्राच्या डेस्कवर रोज येणारी एक बातमी या सगळ्याची परीक्षा घेते. 'कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या.' विदर्भातून, मराठवाड्यातून हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की ते आता साच्यासारखे उमटते. उपसंपादकाने इथे थांबून विचारायचे असते: कंटाळून, हे कोणी सांगितले? मृत्यू घडला हे पंचनाम्यात आहे. सोसायटीचे कर्ज थकले होते हे कागदावर आहे. सोयाबीन पावसात गेले हे गावाने पाहिले आहे. पण एकामुळे दुसरे झाले, हे अनुमान आहे, आणि ज्याच्या मनाबद्दल ते आहे तो माणूस आता उत्तर द्यायला नाही. याचा अर्थ कर्जाचा उल्लेख गाळावा असा मुळीच नाही. तो गाळणे हा मोठा अन्याय ठरेल. कर्ज किती, कोणाचे, वसुलीची नोटीस आली होती का, हे ठळक लिहावे. कारण मात्र ज्याने सांगितले त्याच्या नावावर लिहावे.

उलट बाजूची चूक याहून क्रूर आहे. 'दारूच्या नशेत शेतकऱ्याने जीवन संपवले', असे कोणा हवालदाराच्या तोंडी माहितीवर छापले जाते. राज्य सरकारची एक लाख रुपयांची मदत मिळायची तर ते प्रकरण जिल्हा पातळीवर 'पात्र' ठरावे लागते, आणि आत्महत्येचे कारण काय हाच तिथे कळीचा मुद्दा असतो. अशा वेळी पेपरात आलेले ते दोन शब्द मागे राहिलेल्या बाईच्या दारात उभे राहतात. ती उपसंपादकाला कधी भेटणार नाही, त्याचे नावही तिला कळणार नाही, कारण बातमीखाली उपसंपादकाचे नाव नसते. वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर आत्महत्यांच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मरणाची पद्धत वर्णू नये, मथळ्यात सनसनाटी नको, मृत्यूला एकच सोपे कारण चिकटवू नये, असा त्यांचा रोख आहे. ती तत्त्वे दोन पानांत शिकवून होतात. हात थांबणे शिकवायला वेळ लागतो.

इथे दूरशिक्षणाच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. उपसंपादकाचे सारे आयुष्य समोर नसलेल्यांच्या शब्दांशी व्यवहार करण्यात जाते. घटना दूर, वार्ताहर दूर, ज्यांच्याबद्दल लिहायचे ती माणसे दूर, वाचकही दूर. कागदावरच्या मजकुरावरून त्यामागचा माणूस, त्याची नजर, त्याची घाई, त्याचा लोभ ओळखायचा, हेच त्याचे काम. ज्या विद्यार्थ्याने गुरूलाही फक्त कागदावरच्या शब्दांतून ओळखले आहे, त्याला या कामाची सवय अभ्यासातच लागते. शेजारी बसलेल्या ज्येष्ठाचा होकार त्याला चेहऱ्यावरून वाचता येत नाही. प्रत्येक बदलाचे कारण त्याला लिहून द्यावे लागते आणि लिहून घ्यावे लागते. लिहिलेले कारण तपासता येते, मानेने दिलेला होकार तपासता येत नाही.

दुसऱ्या बाजूचे खरेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. पान सुटायला दहा मिनिटे उरलेली असताना मुख्य बातमी बाजूला काढून ठेवण्याचे धैर्य घरच्या टेबलावर येत नाही. मालकाच्या ओळखीच्या माणसाबद्दलचा परिच्छेद कापायचा निरोप आल्यावर काय करायचे, हे कोणत्याही पुस्तिकेत नसते. ते सहवासातच कळते. म्हणून अभ्यासक्रमात डेस्कवरच्या प्रत्यक्ष कामाचे काही आठवडे असलेच पाहिजेत. चांगदेवाला पत्रानंतर जावे लागले, तसे विद्यार्थ्यालाही जावे लागेल.

मात्र शेजारी बसून शिकवणारा तो मुख्य उपसंपादक आज कार्यालयात तरी किती उरला आहे? संकेतस्थळावर बातमी मिनिटांत चढवायची असते, वार्ताहरच ती थेट टाकतो, डेस्क आक्रसत चालले आहे. जवळ बसलेल्यालाही दुरुस्त मजकूर परत मिळत नाही. चूक दुसऱ्या दिवशी वाचकाच्या फोनवरून कळते, किंवा कळतच नाही. जवळ आणि दूर हा भेद मग गौण ठरतो. तपासलेला कागद परत येतो का, यावर सगळे अवलंबून राहते.

आणि तो परत येताना त्यावर फक्त दहापैकी सात असा आकडा नको. लाल रेघ मारून शब्द खोडला, पण का खोडला हे लिहिले नाही, तर विद्यार्थ्याला तपासनिसाची आवड कळते, बातमीतले सत्य कळत नाही. 'हे तुम्हाला कोणी सांगितले?' एवढा एकच प्रश्न समासात लिहिलेला असेल तरी तो शंभर गुणांच्या पाठापेक्षा मोठा आहे. न्यायशास्त्राचा शब्दविचार, दिङ्नागाचा संशय आणि अभयाच्या मांडीवरच्या मुलाची कणव, तिन्ही त्या प्रश्नात आहेत.

महाराष्ट्रात नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सगळीकडे निवृत्त उपसंपादक आहेत. तीस-तीस वर्षे त्यांनी रात्री जागून इतरांची वाक्ये सरळ केली आहेत, आणि त्यांचे नाव कधी छापले गेलेले नाही. मुक्त विद्यापीठांनी आणि अभ्यासकेंद्रांनी त्यांना बोलवावे, मानधन द्यावे, प्रत्येकाकडे दहा-बारा विद्यार्थ्यांचे स्वाध्याय सोपवावेत. प्रत्येक स्वाध्याय, प्रत्येक खुणेचे कारण लिहून, पंधरा दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती परत जाईल असा नियम करावा. आणि जे आज घरी बसून हा अभ्यास करत आहेत त्यांनी गुणपत्रिकेवर समाधान मानू नये. आपला तपासलेला कागद परत मागावा, आणि तो मिळेपर्यंत मागत राहावा.